दोन ब्रेकिंग युनिटचे पैसे दिले, काम एकच करत होतं

शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत 20 टनी क्रेनचं ब्रेकिंग युनिट जळालं. कंपनीचं यायला दीड महिना लागणार होता. तेवढ्यात एक विक्रेता म्हणाला, "साहेब, 15 किलोवॉटची दोन लावा. मास्टर-स्लेव्ह आहेत, लोड निम्मा-निम्मा होतो." पैसे आगाऊ.

20 टन माल मिनिटाला 10 मीटरनं खाली सोडताना मोटरच जनरेटर होते आणि साधारण 26 किलोवॉट ड्राईव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रात, परत येतात. ते ब्रेकिंग युनिटनं रेझिस्टरमध्ये जाळावे लागतात, नाहीतर ड्राईव्हच्या आतल्या डीसी बसचं व्होल्टेज चढत जातं. प्रत्येक युनिटला 40 ओहमचा रेझिस्टर, 760 व्होल्टला 14.4 किलोवॉट, दोघांचे 28.8. हिशोब बसला, म्हणून मीही भुललो.

पहिल्याच भरल्या लोडला ड्राईव्ह ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप, ब्रेक खाडकन बसला आणि साचा हवेत झोके खात राहिला. खाली कोणी नव्हतं, हे नशीब. विक्रेत्याचं उत्तर: "डिसेल टाइम वाढवा," म्हणजे वेग कमी करायला जास्त वेळ द्या. अहो, माल एकसारख्या वेगानं उतरतोय, तिथं डिसेल टाइम काय करणार?

मग 8 टन लोड उतरवताना दोन्ही रेझिस्टरच्या वायरींना डीसी क्लॅम्प मीटर लावला. एकीत जवळजवळ 14 अँपिअर, दुसरीत शून्य. दुसऱ्या रेझिस्टरवर हात ठेवला तर थंडगार! त्याच्या युनिटचा, लाईनचं व्होल्टेज निवडायचा जंपर 460 व्होल्टवर होता, म्हणून ते पहिल्यापेक्षा चढ्या डीसी व्होल्टेजलाच चालू होणार. त्याची वेळ येण्याआधीच ड्राईव्ह ट्रिप होई.

जंपर बदलला. ट्रिप थांबली, पण आता पहिलं युनिट तापून बंद पडू लागलं. दोघांच्या सेटिंगमध्ये चार-पाच व्होल्टचा जरी फरक असला, तरी कमी सेटिंगचं आधी चालू होतं आणि झेपेल तेवढा भार तेच ओढतं. म्हणूनच, दोन्ही एकदम चालू-बंद व्हावीत यासाठी, मास्टरचा सिग्नल वायरनं स्लेव्हला द्यावा लागतो. तो का जात नाही म्हणून कव्हर काढलं. पट्टीवर मास्टर, स्लेव्ह अशी नावं ठळक छापलेली, आणि मागे त्या टर्मिनलना एकही वायर नाही. सोल्डरसुद्धा लागलेलं नव्हतं. 15 किलोवॉटचा आकडाही 10 टक्के ड्यूटीचा, म्हणजे एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शापुरताच, निघाला, तोही आतल्या स्टिकरवर बारीक अक्षरात.

परत घ्या म्हटलं तर विक्रेत्यानं बिल पुढं केलं: "ब्रेकिंग युनिट, 2 नग." मास्टर-स्लेव्ह हा शब्द फक्त फोनवर.

गेल्या आठवड्यात कागलच्या एका मित्राला हाच जोड विकायला आले होते. त्यानं एवढंच सांगितलं, "मास्टर-स्लेव्ह आणि ड्यूटी कोटेशनवर लिहून द्या." कोटेशन अजून आलेलं नाही.