बीसीएए पावडरचा एक डबा: लेबलवरील अर्धे वाक्य

पुतण्याच्या जिमशेजारच्या दुकानातून आणलेला बीसीएए (ब्रँच्ड-चेन अमिनो ॲसिड्स, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही प्रथिनांचे घटक असलेली तीन अमिनो आम्ले) पावडरचा २५० ग्रॅमचा डबा मी महिनाभर वापरून पाहिला. किंमत १,४५० रुपये, स्वाद कैरीचा, आणि ७ ग्रॅमच्या एका मापात ल्युसिन अडीच ग्रॅम, आयसोल्युसिन व व्हॅलिन प्रत्येकी सव्वा ग्रॅम, असे लेबल सांगते. अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवल्यामुळे माझे लक्ष स्वादापेक्षा लेबलवरच्या एका वाक्याकडे गेले: ‘यकृतात न अडकता थेट स्नायूंमध्ये.’

वाक्य खोटे नाही, हीच त्यातली मेख आहे. बहुतेक अमिनो आम्लांचे विघटन मुख्यतः यकृतात सुरू होते. परंतु या तिघांचा अमिनो गट (नायट्रोजन असलेला भाग) काढून घेणारे विकर (एन्झाइम) यकृतात अगदी थोडे आणि स्नायूंत भरपूर असल्यामुळे त्यांचा मोठा भाग यकृत ओलांडून रक्तावाटे स्नायूंपर्यंत जातो. तिथे पोहोचल्यावर त्यांचे काय होते, याविषयी मात्र डब्यावर अवाक्षर नाही.

स्नायूंतील नवे प्रथिन बांधण्यासाठी सगळीच अमिनो आम्ले एकाच वेळी हाताशी असावी लागतात, आणि त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत. डब्यात त्या नवांतली तीन आहेत. ल्युसिन पेशीला बांधकाम सुरू करण्याचा इशारा देते हे खरे; पण मुकादमाने शिट्टी वाजवावी आणि साइटवर विटाच आलेल्या नसाव्यात, तशी ही अवस्था होते. चरबी साठवायला चरबीच्या पेशी आहेत, साखरेसाठी ग्लायकोजेन आहे. अमिनो आम्लांसाठी शरीराकडे असे कोठार नाही, त्यामुळे बांधकामात न लागलेला माल जाळला जातो.

जळण्याची रीत मोठी सुरेख आहे. आधी अमिनो गट सुटतो आणि ग्लुटामेटमार्गे ॲलनिन किंवा ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लांच्या रूपात स्नायूबाहेर पडतो. ॲलनिन यकृतात पोहोचले की त्यातील नायट्रोजन नायट्रोजनचे युरिया बनवणाऱ्या युरियाचक्रात शिरतो, जे क्रेब्ज आणि हेन्सेलाइट या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये उलगडले, आणि शेवटी मूत्रावाटे निघून जातो. म्हणजे ज्या यकृताला वळसा घातल्याची जाहिरात आहे, त्याच्याच दारी हा नायट्रोजन येतो. मागे उरलेल्या नायट्रोजनविरहित सांगाड्यांवर, म्हणजे कीटो आम्लांवर, तंतुकणिकेतील (पेशीतील ऊर्जाकेंद्र, मायटोकॉन्ड्रिया) एक विकरसंकुल काम करते. त्याला जीवनसत्त्व ब-१ लागते आणि ती पायरी ओलांडली की परतीची वाट नसते. पुढे व्हॅलिनपासून सक्सिनिल-कोए हे संयुग तयार होते व त्यातून ग्लुकोज बनू शकते. ल्युसिनपासून ॲसिटिल-कोए आणि ॲसिटोॲसिटेट ही संयुगे मिळतात, ज्यांपासून ग्लुकोज बनत नाही. आयसोल्युसिन दोन्हीकडे वाटले जाते. व्यायामाच्या वेळी या संकुलाचा वेग वाढतो, त्यामुळे व्यायामाआधी घेतलेल्या मापाचा बराचसा भाग महागडे इंधन ठरतो.

हेच संकुल जन्मतः निकामी असलेल्या बाळांच्या मूत्राला जळक्या साखरेसारखा वास येतो. त्या आजाराला मेपल सिरप युरीन डिसीज म्हणतात, आणि त्यांच्यासाठी ही तीन आम्ले साठत गेली की मेंदूला विषासमान ठरतात. त्याविषयी एक ओळीची सूचना लेबलवर हवी होती.

आता हिशेब. डब्यात सुमारे ३५ मापे निघतात, म्हणजे एक माप ४१ रुपयांना पडले. एका मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांचा सुमारे पाचवा हिस्सा हीच तीन अमिनो आम्ले असतात; म्हणजे आमच्याकडच्या सात रुपये भावाने चार अंडी २८ रुपयांत जवळपास तेवढाच ऐवज देतात, आणि उरलेली सहा आवश्यक आम्लेही सोबत येतात. अंडी न खाणाऱ्यांना दूध, दही आणि पनीर हा चांगला पर्याय आहे, कारण दुधातील प्रथिनांत या तिघांचे प्रमाण भरपूर असते.

वापराविषयी थोडेसे. ल्युसिन पाण्यात सहज विरघळत नाही, त्यामुळे कितीही ढवळले तरी पेल्यावर पांढरा थर तरंगतो आणि कैरीच्या स्वादाखालून कडवटपणा जाणवतो. चमचा स्वयंपाकघरातील काट्यावर तपासला. माप चोख निघाले, आणि झाकण पावसाळी हवेतही घट्ट बसते. दिवसभरात पुरेशी प्रथिने खाणाऱ्या माणसाला मी हा डबा सुचवणार नाही. पुतण्याने उरलेली पावडर संपवायची ठरवली आहे, पण आता तो ती दुधाच्या पेल्याबरोबर घेतो.