मुंबईच्या हवेसाठी ईआरए५: डेटा उत्तम, पण शीव समुद्रात

मुंबईच्या प्रदूषणावर मशीन लर्निंगचं मॉडेल बांधायचं तर पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे, आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळतात. अडतं ते हवामानापाशी. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाची ईआरए५ ही सेवा ते देते: जुन्या नोंदी आणि हवामानाचं मॉडेल जुळवून तयार केलेलं, १९४० पासूनचं, तासातासाचं, पाव अंशाच्या जाळीवर आणि पूर्णपणे मोफत. ताजा डेटा सुमारे पाच दिवस मागे असतो, त्यामुळे उद्याच्या अंदाजाला उपयोग नाही. मागच्या हिवाळ्यांच्या अभ्यासाला मात्र आमची पहिली पसंती हिलाच.

कारण एकच: बाउंडरी लेअर हाइट. जमिनीपासून किती उंचीपर्यंत हवा घुसळली जाते, ते हा आकडा मीटरमध्ये सांगतो. हिवाळ्यात रात्री हा थर खाली बसतो आणि तेवढाच धूर कमी जागेत कोंडतो. वेधशाळेच्या रोजच्या नोंदीत हे मिळत नाही. ९ किलोमीटरची ईआरए५-लँड जास्त बारीक आहे खरी, पण तिच्यातही हा आकडा नाही.

आता खोड. मुंबईच्या आसपास जाळीचे बिंदू ७२.७५ आणि ७३.० रेखांशावर येतात. मधली सीमा ७२.८७५. कोडमध्ये ‘सर्वात जवळचा बिंदू’ मागितला की कुर्ल्याचं प्रदूषण मोजणारं केंद्र ७३.० वर जातं, पण शीव आणि बीकेसीची (वांद्रे-कुर्ला संकुल) केंद्रं ७२.७५ वर, म्हणजे वरळीच्या पश्चिमेला भर समुद्रात. पाण्यावर या थराचा दिवस-रात्रीचा चढउतार फारसा होत नाही, आणि शीवच्या मॉडेलला नेमकी तीच खूण मिळत नाही. थराची उंची सगळ्या केंद्रांसाठी १९.०, ७३.० या बिंदूवरूनच घ्या.

वेळेतही घोळ होतो. ईआरए५ जागतिक वेळ (यूटीसी) वापरते, तिचे ० वाजले म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. सोपं म्हणून पाच किंवा सहा तास मिळवले की सकाळी थर वर उचलला जातो तो बदलच अर्धा तास सरकतो. मंडळाचा १५ मिनिटांचा डेटा घ्या आणि पाच ते सहामधल्या चार नोंदींची सरासरी साडेपाचला जोडा. त्याआधी तासन्‌तास एकच आकडा दाखवणाऱ्या आणि पीएम १० पेक्षा पीएम २.५ जास्त असलेल्या नोंदी काढून टाका.

डाउनलोड महिन्यामहिन्याने मागवा, मोठी मागणी रांगेत अडकून राहते. पाऊस आणि थराची उंची एकत्र मागितली तर झिपमध्ये दोन वेगळ्या फाइल येतात, कारण पाऊस तासाभराची बेरीज असतो आणि उंची त्या क्षणाची. पाऊस मीटरमध्ये येतो, १००० ने गुणा. तापमान केल्विनमध्ये. जमिनीलगतची सापेक्ष आर्द्रता थेट मिळत नाही, ती तापमान आणि दवबिंदूवरून काढावी लागते. वाऱ्याची दिशा अंशांत देऊ नका, ३५९ आणि १ हे मॉडेलला दोन टोकं वाटतात. यू (पूर्व-पश्चिम) आणि व्ही (उत्तर-दक्षिण) हे वाऱ्याचे घटक जसेच्या तसे द्या.

पावसावर मात्र भिस्त ठेवू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला शंभराच्याही आत. ही दोन्ही ठिकाणं जाळीच्या एकाच घरात येतात! पाऊस हवामान खात्याच्या केंद्राचाच घ्या. दुपारी समुद्रावरून येणारा वाराही जाळीत बोथट होतो, तोही शक्यतो केंद्रावरचा वापरा.

मॉडेल म्हणून ३०० ते ५०० झाडांचं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांच्या उत्तरांची सरासरी काढणारी पद्धत) पुरतं. चाचणीचे तास मधूनमधून उचलू नका. शेजारचा तास मॉडेलच्या शिकवणीच्या डेटात असला की गुण फुकट वाढतात. एक अख्खा हिवाळा बाजूला ठेवा आणि अचूकता फक्त डिसेंबर ते फेब्रुवारीची पाहा. वर्षभराचा आर-स्क्वेअर (अंदाज प्रत्यक्षाशी किती जुळतो त्याचं माप) देखणा येतो, पण त्यातला बराचसा भाग पावसाळा आणि हिवाळा वेगळे ओळखल्याचाच असतो, आणि तेवढं तर कॅलेंडरही सांगतं.