जुन्या बाजारातली नऊ कुलुपं आणि पिकिंगचा सेट : आठ महिन्यांनंतर

रविवारी पिकिंगच्या, म्हणजे किल्लीविना कुलूप उघडायच्या, सेटमधला बारीक हुक मोडला आणि टोक सात नंबरच्या कुलपात अडकलं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'गंजलेल्या कुलपात वापरलंत, बदलून मिळणार नाही.' अकराशे रुपयांच्या सेटमधलं रोज हातात असणारं एकच हत्यार होतं, तेच गेलं. बाकीची पाकिटात नवीकोरी पडून आहेत.

सेटमधल्या हुकाने कुलपातल्या पिना, म्हणजे एरवी किल्ली उचलते ते अडवणारे बारीक खिळे, एकेक करून उचलायच्या आणि टेन्शन पट्टीने कुलपाला फिरवायचा हलका ताण द्यायचा. त्या पट्टीबद्दल सांगायलाच हवं. सेटमधली पट्टी नको तेवढी जाड आहे. लहान कुलपाच्या भोकात ती खालून घातली की निम्मी जागा तीच खाते आणि हुक वर उचलायला वाव उरत नाही. दोन महिने मी माझ्या हाताला दोष देत होते. मग गॅरेजमध्ये टाकून दिलेला एक वायपर मिळाला. त्याच्या रबरात स्टीलची बारीक पट्टी असते. तिचा तीन इंचाचा तुकडा तोडला, टोक कानशीने घासलं, पकडीने काटकोनात वाकवलं. खर्च शून्य. ही पट्टी भोकाच्या तोंडाशी, पिनांच्या बाजूला लावायची, म्हणजे खालची सगळी जागा हुकाला मोकळी मिळते. वर्षानुवर्षं किल्ली घासून ज्यांचं तोंड रुंद झालंय त्या कुलपांत ती सटकते. त्यांच्यासाठी दुसऱ्या वायपरमधली जरा जाड पट्टी ठेवली आहे. सेटमधल्या पट्टीचे पैसे किमतीतून वजा करून मिळाले असते तर बरं झालं असतं.

आता कुलुपं. पुण्याच्या जुन्या बाजारातून एका बुधवारी नऊ आणली, चारशेला. घरी येऊन बघते तर त्यातली चार कुलुपं लिव्हर प्रकारची. लिव्हरच्या कुलपाला पिना नसतातच. आत पातळ पत्र्यांची चळत असते, प्रत्येक पत्रा नेमका तितकाच उचलावा लागतो आणि ताण थेट बोल्टवर, म्हणजे कुलूप अडवणाऱ्या दांड्यावर, द्यावा लागतो. ती उघडत नाहीत असं नाही. 1851 मध्ये लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब या इंग्लिश कंपनीचं नावाजलेलं लिव्हर कुलूप उघडून दाखवलं होतं. पण त्याला हत्यारं वेगळी लागतात, हा सेट तिथे निरुपयोगी. विकत घेताना किल्ली बघा. गोल दांडीच्या टोकाला चौकोनी पाकळी असेल तर बहुधा लिव्हर.

उरलेली पाच कुलुपं पिना असलेली. दुसऱ्या महिन्यात ती वीस-वीस सेकंदांत उघडायला लागली आणि मी ओळखीच्या सगळ्यांना जुनीच कुलुपं घ्या म्हणून सांगत सुटले. ते आता मागे घेते. एकशे ऐंशी रुपयांचं नवं पितळी कुलूप आणलं, तर अकरा दिवस हललं नाही.

कारण नंतर कळलं. कुलुपातली भोकं एका रेषेत अगदी अचूक पाडलेली नसतात, म्हणून ताण दिल्यावर एका वेळी एकच पीन घट्ट धरते. ती शोधायची, उचलायची, बारीक 'टक्' ऐकायचं, मग पुढची. झिजलेल्या कुलपात सिलिंडर (किल्लीबरोबर फिरणारा भाग) सैल आणि पिनांच्या कडा गोल झालेल्या, त्यामुळे कुठलीही पीन कशीही बसते. तीन नंबरचं कुलूप रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून धुतलं, वाळवून ग्राफाइटची पूड घातली. धुतल्यावर ते उघडेना! मळाने दोन पिना वरच चिकटून बसल्या होत्या, म्हणजे पाचऐवजी मी तीनच पिनांचं कुलूप उघडत होते. (तेल मात्र घालू नका, धूळ धरून पुन्हा तीच गत होते.)

धुतलेली जुनी कुलुपं मात्र आता मला नव्यापेक्षा जास्त आवडतात. स्प्रिंगा थकलेल्या असल्यामुळे पीन इतक्या हलक्या हाताने जोखावी लागते, की त्यानंतर नव्या कुलपातली 'टक्' स्पष्ट जाणवते. म्हणून आधी नवं स्वस्त कुलूप, मग धुतलेली जुनी, हा क्रम ठेवा. आणि फक्त स्वतःची, दाराला न लावलेली. पिकिंगने पिना झिजतात, वापरातलं कुलूप ऐन वेळी दगा देईल.

सात नंबरमधलं टोक अजून आतच आहे. बारीक नक्षीकामाच्या करवतीचं पातं भोकात सारून, दाते बाहेरच्या दिशेने ठेवून ओढते आहे. काल ते अर्धा सूत पुढे सरकलं.