पॅरिसचा व्हांव्ह बाजार : बटणाची पाठ पाहू देणारी जागा

पॅरिसच्या दक्षिण टोकाला, पोर्त द व्हांव्ह या मेट्रो स्थानकाजवळ, दर शनिवारी आणि रविवारी सकाळी पदपथावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. फ्रेंच सैन्याच्या गणवेशांची जुनी बटणे जमवण्याच्या छंदापायी मी तिथे अनेकदा गेलो आहे, आणि ज्याला हा छंद नव्याने लागला आहे त्याने पहिली खरेदी इथेच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण म्हणजे इथे बटण हातात घेऊन उलटून पाहता येते.

बटणाची दर्शनी बाजू पलटण सांगते. काळ सांगते ती त्याची पाठ. फ्रेंच पायदळाच्या बटणांवर पलटणीचा क्रमांक उमटवण्याची पद्धत १७६२ च्या लष्करी सुधारणांपासून रूढ झाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीचा काळ सोडला, तर हे क्रमांक पहिल्या नेपोलियनच्या सैन्यातही होते आणि तिसऱ्या नेपोलियनच्या सैन्यातही. त्यामुळे नुसता '२१' हा आकडा पाहून ते बटण पहिल्या नेपोलियनच्या वेळच्या आउअरश्टेटच्या लढाईच्या काळातले (१८०६) की तिसऱ्याच्या वेळच्या सोल्फेरिनोच्या लढाईच्या काळातले (१८५९), हे ठरवणे धोक्याचे असते. अठराव्या शतकातल्या बटणांत हाडाच्या किंवा लाकडाच्या तबकडीवर पातळ पत्रा चढवलेला आढळतो. पहिल्या साम्राज्यातल्या, म्हणजे पहिल्या नेपोलियनच्या काळातल्या, शिपायाचे बटण बहुधा एकसंध, सपाट आणि मागे साधी कडी असलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र दोन पत्रे कडेला दुमडून जोडलेली, आतून पोकळ बटणे सर्रास दिसू लागतात आणि पाठीवर पॅरिसच्या कारखान्याचे नाव गोलाकार उमटलेले असते. त्रेलाँ, वेल्डाँ आणि वेल या कारखान्याची आद्याक्षरे तर इतकी वारंवार भेटतात, की काही दिवसांनी ती भिंगाशिवायही ओळखू येतात.

या फरकाची किंमत मी मोजलेली आहे. संकेतस्थळावरच्या एका विक्रेत्याने केवळ पुढच्या बाजूचे छायाचित्र लावून 'साम्राज्यकाळातले' म्हणून एक बटण विकले. टपालाने आल्यावर त्याची पाठ पोकळ निघाली आणि तीवर कारखान्याचे नाव होते. पैसे परत मिळाले नाहीत. व्हांव्हमध्ये, उलट, एका वयस्कर विक्रेत्याने मी न विचारताच बटण पालथे करून माझ्या तळहातावर ठेवले. ते एकविसाव्या पलटणीचे होते. आकड्याभोवतीची रेघ एका बाजूने झिजून गुळगुळीत झाली होती, कडी किंचित वाकली होती आणि पितळेवर काळाने चढलेला तपकिरी-हिरवट थर, म्हणजे पूट, एकसारखी बसली होती. बारा युरो हा भाव मला रास्त वाटला, म्हणून मी घासाघीस केली नाही.

धातूच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. पहिल्या नेपोलियनच्या काळी रेषेच्या पायदळाची (रांगा करून लढणाऱ्या मुख्य पायदळाची) बटणे पिवळ्या धातूची, तर हलक्या पायदळाची (पुढे विखरून लढणाऱ्या पायदळाची) पांढऱ्या धातूची असत. १८१२ च्या रशियातल्या थंडीत कथलाच्या बटणांचा भुगा होऊन नेपोलियनचे सैन्य उघडे पडले, ही कथा पुष्कळांना ठाऊक असते; पण रेषेच्या पायदळाची बटणे मुळात कथलाची नव्हतीच, त्यामुळे ती कथा टिकत नाही. २००१ साली लिथुआनियातल्या विल्नियस शहरात, रशियातून झालेल्या त्या माघारीत मेलेल्या सैनिकांची सामूहिक दफनभूमी सापडली, तेव्हा बटणांवरच्या क्रमांकांवरूनच अनेक पलटणी ओळखता आल्या. मला हा छंद लागला तो याच गोष्टीमुळे.

बाजाराच्या उणिवाही सांगायला हव्यात. साम्राज्यकाळातली बटणे विरळाच सापडतात. ट्रेमध्ये भरणा असतो तो तिसऱ्या प्रजासत्ताकातल्या (तिसऱ्या नेपोलियननंतरच्या राजवटीतल्या), ज्वाला निघणाऱ्या ग्रेनेडचे चिन्ह असलेल्या बटणांचा, आणि त्यांतच अग्निशामक दलाची बटणे लष्करी म्हणून मिसळून ठेवलेली असतात. तोफखान्याच्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या तोफा आणि नौदलाचा नांगर ओळखणे सोपे असते, पण ग्रेनेडच्या बाबतीत भिंग काढून अक्षरे वाचावीच लागतात. काही विक्रेते बटणे घासून आरशासारखी चकचकीत करतात. अशा बटणावरची मूळ पूट पुन्हा येत नाही आणि बारीक कोरीव काम कायमचे बोथट होते, म्हणून ती मी स्वस्तातही घेत नाही. मातीचे डाग असलेल्या बटणाबद्दल ते कुठून आले हे अवश्य विचारावे, कारण फ्रान्समध्ये पुरातत्त्वीय वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरायला सरकारी परवानगी लागते. उत्तर टाळणाऱ्याकडून काही घेऊ नये.

जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग, सुटे युरो आणि मऊ कागद सोबत ठेवावा. सकाळी आठच्या आत पोहोचावे. दुपारी जाण्यात अर्थ नाही, कारण जेवणाच्या वेळेपर्यंत बहुतेक टेबले आवरलेली असतात. शक्य झाल्यास आदल्या दिवशी पॅरिसमधल्याच अँव्हालिद या वास्तूतले लष्करी संग्रहालय पाहून घ्यावे. तिथे खऱ्या कोटांवर छातीची मोठी आणि बाहीची लहान बटणे आपापल्या जागी शिवलेली दिसतात, आणि मग ट्रेमधले सुटे बटण कोटावर कुठे बसत असेल, ते चटकन ध्यानात येते.