चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं: कंपाउंड घ्यावं की खरं चॉकलेट?

दुकानात दोन्ही लाद्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसायला सारख्याच, म्हणून आधी पाकीट उलटं करून वाचा. कोको बटर लिहिलंय तर खरं चॉकलेट, हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलंय तर कंपाउंड. चवीचा सगळा फरक इथेच आहे. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, म्हणून खरं चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं, कंपाउंड खाल्ल्यावर मात्र टाळूला तुपकट थर राहतो आणि तो मला अजिबात आवडत नाही.

पण खऱ्याला टेम्परिंग लागतं, म्हणजे वितळवून, थंड करून परत ठराविक तापमानाला आणणं, आणि गोव्यात सगळं अडतं ते इथेच. डार्क असेल तर 45 ते 50 अंशांपर्यंत वितळवायचं, ढवळत ढवळत 27-28 वर आणायचं, परत 31-32 पर्यंत गरम करायचं, मग फळ बुडवायचं. आता मे महिन्यात फोंड्याला भर दुपारी किचनमध्ये ते 27 वर येणार कसं? एसीची खोली हवी, नाहीतर डिसेंबर-जानेवारीची सकाळ. टेम्पर न करता बुडवलंत तर थर मऊ राहतो, बोटाला लागतो आणि वर पांढरट डाग येतात. कंपाउंडला यातलं काहीच नको, वितळवा, बुडवा, थोड्या वेळात कडक. वितळवायला दोन्हींसाठी मायक्रोवेव्हच बरा, वीस-तीस सेकंद लावून दर वेळी ढवळायचं, कारण डबल बॉयलरच्या (उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्याच्या) वाफेचा एक थेंब पडला तरी चॉकलेटचा गोळा होतो.

फळांचं म्हणाल तर स्ट्रॉबेरी दिसायला सगळ्यात सुंदर, पण थंडीतच चांगली मिळते आणि धुतल्यावर एकेक पुसून पंख्याखाली पूर्ण सुकवावी लागते, देठाखाली पाणी लपून राहतं तिथे नीट बघा. फ्रिजमधून काढून लगेच बुडवू नका, फळाला घाम येतो आणि चॉकलेट निसटतं. अननस कितीही टिपला तरी रस सोडतोच, तो केल्या केल्या खायचा.

उन्हाळ्यात माझं मत सरळ केळ्याला. सालदाटी ही गोव्यातली केळ्याची जात घ्या, जरा घट्ट असलेली (मयडे गावची केळी यात नको, ती हलव्यालाच ठेवा), तुकडे करून काडी खोचून फ्रीझरमध्ये कडक करा, आणि खरं डार्क चॉकलेट 100 ग्रॅमला एक चमचा खाण्याचं खोबरेल तेल घालून वितळवा. गोठलेल्या केळ्यावर थर काही सेकंदांत धरतो, टेम्परिंगची गरजच नाही, फक्त खायचं फ्रीझरमधून काढून लगेच. एसी नसलेल्या घरात खरं चॉकलेट खायचा याच्यासारखा मार्ग नाही.

नाताळात शेजाऱ्यांना द्यायला किंवा वाढदिवसाला अंगणात टेबलावर मांडायला मात्र कंपाउंडच घ्या आणि ताज्या फळाऐवजी सुके अंजीर, जर्दाळू, भाजलेले काजू बुडवा. ते डब्यात बरेच दिवस टिकतात, ताजं फळ त्याच दिवशी संपवावं लागतं.

आणि फ्रिजमध्ये ठेवलेला डबा बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका, पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू दे, म्हणजे आपल्या हवेतलं पाणी डब्याला बाहेरून धरतं, चॉकलेटवर नाही.