मास्क की घशातली नळी? वयस्कर रुग्ण आणि व्हेंटिलेटर

व्हेंटिलेटर लागला की "किती दिवस काढतील?" हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. उत्तर नुसत्या वयावर ठरत नाही. मूळ आजार आणि आधीची तब्येत जास्त बोलते. स्वतःची कामं स्वतः करणारे ८० वर्षांचे आजोबा अंथरुणाला खिळलेल्या सत्तरीतल्या माणसापेक्षा लवकर सावरू शकतात.

बायपॅपचा, म्हणजे नळी न घालता यंत्राने दाबाखाली हवा देणारा, मास्क नाकातोंडावर घट्ट बसतो. नाकाच्या हाडावर जखम होते, घसा सुकतो, काहीजण तो ओढूनच काढतात. पण रुग्ण शुद्धीवर असतो, मधूनमधून दोन शब्द बोलतो. सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) कार्बन डायऑक्साइड साठला असेल तर मास्कमुळे बऱ्याचदा घशातून श्वासनलिकेत घालायची नळी टळते आणि जीवही वाचतात. हृदयामुळे फुप्फुसांत पाणी भरलं असेल तरीही तो चांगला उपयोगी पडतो. न्यूमोनियात मात्र त्यावर फार विसंबू नये. नळी घालायला उशीर झाला तर महागात पडतं.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा कफ आवरत नसेल, तर नळीच हवी. तिच्यासोबत गुंगीची औषधं, भ्रम, नवा न्यूमोनिया येऊ शकतो आणि स्नायू झपाट्याने झडतात. आठवडा-दोन आठवड्यांत ट्रॅकिओस्टॉमीचा (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याचा) विषय निघतो. व्हेंटिलेटर २१ दिवसांपुढे गेला, तर वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. वाचलेल्यांतले बरेच परावलंबी राहतात.

माझा कल, आजार साथ देत असेल तर आधी मास्कचा. पण मास्क फसला तर नळी घालायची का, हे रुग्ण बोलता असतानाच त्यालाच विचारून घ्या.