मंडईजवळच्या दुकानातील आरारूट: सारासाठी उत्तम, कढीसाठी नव्हे

उपवासाला कॉर्नफ्लोअर चालत नाही, आणि एरवीही टोमॅटोच्या साराला ते पांढुरका गढूळपणा आणते, म्हणून मंडईजवळच्या एका जुन्या वाणसामानाच्या दुकानातून मी आरारूट आणू लागले. १०० ग्रॅमच्या साध्या पुडीत मिळणारी ही पूड पांढरीशुभ्र असून तिला वास नाही. पुडी बोटांनी दाबली की कुरकुर असा आवाज येतो. कॉर्नफ्लोअरच्या मानाने भाव बराच चढा आहे.

सारासाठी मात्र तो भाव मोजावा. पूड गार पाण्यात कालवून, आच मंद करून, ढवळत ढवळत गरम सारात सोडली की सार बघता बघता दाटते, त्यावर तकाकी येते आणि टोमॅटोचा लाल रंग जराही फिका पडत नाही. कॉर्नफ्लोअरला उकळी फुटून थोडे शिजावे लागते, नाहीतर कच्चट चव जिभेवर राहते; आरारूट त्याहून कमी तापमानाला दाटते. परंतु दाटल्यावर ते खळखळ उकळत ठेवले, किंवा मंडळी उशिरा आली म्हणून सार पुन्हा उकळले, तर आलेला दाटपणा निघून जातो. त्यामुळे पाने मांडल्यावरच ते घालणे शहाणपणाचे.

पुडीवरील चिठ्ठीत ‘कॉर्नफ्लोअरइतकेच वापरावे’ असे छापले आहे, ते मला पटत नाही. कॉर्नफ्लोअरच्या एका मोठ्या चमच्याच्या जागी याचे दोन लहान चमचे पुरतात. मैद्याची गोष्ट उलटी आहे: त्यात स्टार्चखेरीज प्रथिनेही असल्याने तो कॉर्नफ्लोअरच्या दुपटीने लागतो आणि परतून घ्यावा लागतो.

दूध-दह्याच्या पदार्थांत हे आरारूट वापरू नये, कारण ते बुळबुळीत लागते. कढीला बेसन लावतो ते केवळ दाटपणासाठी नव्हे. त्यामुळे ताक फुटत नाही आणि पिठाची स्वतःची खमंग चवही उतरते. उपवासाच्या कढीला शिंगाड्याचे किंवा राजगिऱ्याचे पीठ घ्यावे. त्याचा रंग किंचित मळकट येतो खरा, पण उपवासाच्या दिवशी ताटातल्या रंगाची चिकित्सा कोण करतो?

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पुडीवर ही पूड कोणत्या कंदाची, याचा उल्लेख नाही आणि काउंटरवरही ते सांगता आले नाही. मूळ आरारूट, आपली तवकीर आणि साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाचे स्टार्च ही तिन्ही आरारूट म्हणून ओळखली जातात, पण शिजवताना सारखी वागत नाहीत. शेवटच्यात रस्सा काहीसा तार धरतो. एवढा भाव घेणाऱ्याने कंदाचे नाव छापायला हवे. तोपर्यंत एकदम अर्धा किलो न घेता एकच पुडी घ्यावी आणि वाटीभर सारात आधी पारखावी.